जुन्या बुलेटचा क्रँक हलका करू का? अन् नव्या क्लासिकचा बॅलन्सर काढू का?

पांदणवाला (दारव्हा):
राम राम मंडळी. आमच्या काकाची जुनी बुलेट ३५० हाय, कास्ट आयर्न इंजिनवाली, उजव्या पायात गिअर. खालून खट खट आवाज येऊन रायला होता तर मिस्त्रीनं इंजिन खोललं, बिग एंडचा (कनेक्टिंग रॉड क्रँकले जोडते तिथला) बुश गेला म्हणे. आता क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखालीचं फिरणं करणारा दांडा, बाहेरच पडला हाय तर नुसतं रिपेर कायले करावं, थोडा परफॉर्मन्सही काढून घेऊ असा विचार हाय. क्रँकचे दोन्ही फ्लायव्हील, म्हणजे जड चाकं, खरादावर चढवून कडेनं उतरवायचे, चार भोकं पाडायचे, म्हणजे गाडी पिकअप लवकर घेईन. एक जण म्हणते ५०० चा क्रँक टाक, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, वाढते.
दुसरं असं का चुलतभावाची नवी क्लासिक हाय, जे सीरिज इंजिनची. त्याले ते लय मऊ वाटते, त्याले जुन्या बुलेटसारखी धडधड पाह्यजे, तर तो म्हणते थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्टच काढून टाकू, पावरही वाढन अन् धडधडही येईन.
काकाची गाडी रोज वावरात जाते, पांदण रस्ता, मांगं कधी युरियाची बॅग कधी फवारणीचा पंप, अन् अधूनमधून परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट. कोणाले अनुभव असन तर सविस्तर सांगा, क्रँक खरादवाल्याकडे द्यायचा हाय.

खरादी (अकोला):
भाऊ, ड्रिल लावाच्या आधी धागा पुरा वाच एवढी विनंती. जिनिंगचे अन् दालमिलचे शाफ्ट करण्यात माही जिंदगी गेली, बुलेटचे क्रँकही येत रायतात. पयलं ५०० चं सांगतो. ३५० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिमी अन् स्ट्रोक ९०, ५०० चा बोअर ८४ अन् स्ट्रोक तोच ९०. म्हणजे ५०० चा क्रँक आणून स्ट्रोक एक सूतही वाढत नाही, वाढते ते बोअरमुळं. ज्यानं तुले सांगतलं त्यानं कधी मोजून पाह्यलं नसन.
आता भोकाचं. हे व्हील बिडाचे हायेत. बीड दाबाले मजबूत, ताणाले कच्चं. रॉड जिच्यावर बसते त्या पिनच्या भोकाजवळ किंवा मेनशाफ्टच्या (मधल्या दांड्याच्या) जवळ कुठंबी ड्रिल मारला तर तडा तिथूनच सुरू होते. अन् भोकं कुठं पाडली त्यानं बॅलन्स बदलते, हे तर कोणी ध्यानातच घेत नाही.

वर्धा_मेकॅनिकल:
खरादी काका बरोबर बोलले, थोडं गणित जोडतो, नाहीतर ही चर्चा नेहमी "माझी चालते तुझी चालत नाही" वर येऊन थांबते.
सिंगल सिलिंडरमध्ये पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) आणि कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक हे सगळं वरखाली पळतं आणि दर फेरीत दोनदा थांबतं. त्या थांबण्या-सुटण्याचा झटका आरपीएमच्या वर्गानं वाढतो. ९० च्या स्ट्रोकवर ५५०० आरपीएमला वरखाली पळणाऱ्या प्रत्येक १०० ग्रॅममागं साधारण १५० किलोचा ओढा पडतो, आणि तेच ६५०० केलं की २१० किलोच्या वर. म्हणजे हजार आरपीएम वाढवले की ओढा ४० टक्क्यांनी वाढला. पिस्टनचा सरासरी वेगही १६.५ मीटर सेकंदावरून १९.५ वर जातो. जुन्या ३५० ची १८ बीएचपी ५६२५ आरपीएमला मिळते, ते इंजिन त्याच्या वर पळायला बनवलेलंच नाही. त्यामुळं "क्रँक हलका केला म्हणजे जास्त रेस मारता येईल" हा हिशोब बिग एंडच्या त्या फ्लोटिंग बुशच्या जिवावर आहे.
क्रँकच्या काउंटरवेटनं, म्हणजे पिनच्या उलट बाजूच्या वजनानं, या झटक्याचा काही भाग मारलेला असतो, त्या भागाला बॅलन्स फॅक्टर म्हणतात. शून्य टक्के ठेवला तर सगळा झटका सिलिंडरच्या दिशेत, शंभर टक्के ठेवला तर तेवढाच झटका आडवा, पुढंमागं. नाहीसा होत नाही, नुसता फिरवला जातो. म्हणून बॅलन्सर नसलेल्या गाडीत कंपनी फ्रेम पाहून मधला आकडा निवडते, बहुतेक गाड्यांत ५० ते ७० टक्क्यांच्या आसपास. तुमचं ड्रिल हाच आकडा हलवतं.

डर्टट्रॅक (अमरावती):
मी थोडा विरुद्ध बाजूनं बोलतो, राग मानू नका. हलका क्रँक वाईट असतो असं सरसकट सांगू नका. मी मातीतल्या ट्रॅकवर चालवतो, तिथं कॉर्नरमधून निघताना इंजिन पटकन रेव्ह घेतं तो फरक हातात जाणवतो, डाऊनशिफ्टला मागचं चाक कमी अडकतं, गाडी आडवी टाकतानाही हलकी वाटते. अन् फ्लायव्हीलचं वजन गिअर रेशोच्या वर्गानं जाणवतं, त्यामुळं पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये खरंच फायदा असतो. योग्य माणसानं, स्टीलच्या क्रँकवर, दोन्ही वेब (क्रँकच्या दोन बाजूंच्या चकत्या) सारखे उतरवून केलेलं काम चांगलं चालतं.

कास्टआयर्न (वणी):
डर्टट्रॅक भाऊ, तुमचं तुमच्या जागी खरं. पण पह्यल्या दुसऱ्या गिअरमधला फायदा म्हणता तेच दारव्ह्याच्या भावाचं नुकसान हाय ना! पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण, चाकात चिखल गच्च, मांगं ५० किलोची बॅग, तिथं क्लच सोडल्यावर गाडी बंद पडू न देणारी गोष्ट म्हणजे ते जड व्हीलच. शंकरपटातला छकडा वेगळा अन् कापसानं भरलेली बंडी वेगळी, दोन्हीले एकच चाक लावून जमत नाही. चवथ्या गिअरवर, म्हणजे वणी-यवतमाळ रोडवर, हलक्या व्हीलचा फरक जवळजवळ नाहीच, पावर तर एक बीएचपीही वाढत नाही. व्हील पावर बनवत नाही, साठवते.
अन् धडधड! जुन्या बुलेटची ती सावकाश आयडलिंग, जिच्यासाठी लोक जीव टाकतात, ती त्या जड फ्लायव्हीलमुळंच जमते. व्हील उतरवले का आयडल वर ठेवा लागते, नाहीतर गाडी सिग्नलवर बंद. म्हणजे एक भाऊ धडधड घालवून रायला अन् दुसरा धडधड शोधून रायला, एकाच घरात.
पांदणवाल्या भाऊ, बुश गेला कशानं ते पाह्यलं का? टायमिंग कव्हरमधला तो छोटा कॉर्क सील पाहा. क्रँकच्या टोकातून बिग एंडले ऑइल जाते ते त्या सीलच्या भरवशावर. तो कडक झाला, चिरला, का ऑइल तिथंच गळून पुन्हा खाली जाते अन् बिग एंड कोरडा पडते. नवतपात ऑइल आधीच पाण्यासारखं पातळ झालेलं असते. दहा-वीस रुपयाच्या वस्तूपायी क्रँक जाते, अन् मिस्त्री लोक नवा बुश टाकून तोच जुना सील परत लावतात. हे पाहून मले खरंच वाईट वाटते.

आरएक्स (आर्वी):
क्रँकचा विषय निघालाच आहे तर टू स्ट्रोकवाल्यांसाठी लिहितो कारण आपल्याकडं आरएक्स १०० अजून गावोगावी आहेत आणि मी पाहतो की पोरं बुलेटचं ऐकून त्यावरही भोकं पाडतात. आरएक्सचा बोअर ५०, स्ट्रोक ५०, ९८ सीसी, कंपनीची पावर ११ बीएचपी ७५०० ला. टू स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो, पेट्रोल-हवा आधी तिथं दाबली जाते मग पोर्टमधून वर जाते. क्रँकमध्ये भोकं पाडली म्हणजे केसमधली रिकामी जागा वाढली, दाब कमी झाला, खालचा पिकअप मेला. मग लोक कार्बोरेटरला दोष देतात, जेट बदलत बसतात. खरं काम करणारे उलट तिथली मोकळी जागा हलक्या प्लगनं भरून काढतात.
आणि आरएक्सचा क्रँक प्रेसनं दाबून बसवलेला असतो. कनेक्टिंग रॉड किट टाकल्यावर दोन्ही वेब एका रेषेत आलेत का हे डायल गेज (वाकडेपणा मोजायचं साधन) लावून पाहिलंच पाहिजे. नजरेनं सरळ दिसणारा क्रँक गेजवर वाकडा निघतो. चांगल्या आरएक्सचा हँडलचा मुंग्या येणारा त्रास मी नुसत्या ट्रूइंगनं, म्हणजे क्रँक सरळ करून, जाताना पाहिला आहे, दुसरं काहीच न करता.

पांदणवाला (दारव्हा):
मंडळी लय आभार, मले एवढं कोणीच सांगतलं नव्हतं. कॉर्क सील पाह्यला, कडक होऊन कड तुटली हाय. व्हील हलके करायचं डोक्यातून काढलं. पण मंग परफॉर्मन्ससाठी क्रँकवर करण्यासारखं काईच नाही का? अन् भावाच्या बॅलन्सरचं रायलंच.

खरादी (अकोला):
हाय ना, करण्यासारखं हेच का तो सरळ अन् तोलात बसव. गाडी कमी थरथरली का तू आपोआप जास्त वेळ तिले पळवतो, नट-बोल्ट ढिले पडत नाहीत, तोच परफॉर्मन्स.
रीत सांगतो, सावकाश वाच.
काकाच्या गाडीचा बोअर कराचा, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा कराचा, असन तर नवा पिस्टन ओव्हरसाइज येईन. पुष्कळदा लोकल पिस्टन जुन्याहून जड निघते. म्हणून सोनाराकडं जा, त्याच्या काट्यावर जुना पिस्टन रिंगा, गजन पिन, सर्किलपसकट तोल, मंग नवा तोल. दोन्ही आकडे लिहून ठेव.
मंग क्रँक जोडून व्ही ब्लॉकवर (व्हीच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेव, रॉड आडवा धर, वरचं टोक काट्यावर टेकव. रॉड एकदम लेव्हल पाह्यजे, तिरपा असला तर आकडा खोटा. जे वजन येईन ते स्मॉल एंडचं.
आता दोन घासलेल्या लोखंडी पट्ट्या घे, स्पिरिट लेव्हल लावून समांतर बसव, त्यावर क्रँक मेनशाफ्टवर ठेव. शाफ्टची जाडी दोन्हीकडं सारखी नसन तर एक पट्टी खालीवर करून क्रँकचा अक्ष लेव्हलमधी आण. रॉड मोकळा लोंबू दे अन् स्मॉल एंडले तारेनं छोटी पिशवी बांध, त्यात वॉशर टाकत जा. जेव्हा क्रँक कुठंबी फिरवून सोडला तरी तिथंच थांबते तेव्हा पिशवी तोल. हे सगळं जुन्या हिशोबानं कर, म्हणजे कंपनीनं काय ठेवलं होतं ते कळन.
आकडे इथं टाक, वर्धेवाले दादा हिशोब करून देतीन.

वर्धा_मेकॅनिकल:
नक्की टाका. सूत्र सोपं आहे: पिशवीचं वजन अधिक स्मॉल एंडचं वजन, भागिले पिस्टन सेट अधिक स्मॉल एंड. जे येईल तो तुमचा फॅक्टर.
तोवर भावाच्या क्लासिकबद्दल. हे जरा तळमळीनं लिहितोय कारण हा प्रश्न आता वारंवार येतो आणि पोरं यूट्यूब पाहून इंजिन उघडतात.
जुनं इंजिन ७० बाय ९०, बॅलन्सरशिवाय. जे सीरिज ७२ बाय ८५.८, ३४९ सीसी, २०२० मध्ये मीटिअर गाडीबरोबर आलं, २०२१ मध्ये क्लासिकमध्ये, आणि त्यात क्रँकनं फिरणारा बॅलन्सर शाफ्ट आहे. असा शाफ्ट क्रँकच्याच वेगानं पण उलट दिशेनं फिरतो. अशा इंजिनमध्ये काम वाटून दिलेलं असतं, साधारण निम्मा झटका क्रँकचं काउंटरवेट मारतं आणि उरलेला निम्मा बॅलन्सर. दोघं मिळून पहिल्या दर्जाचा, म्हणजे क्रँकच्याच वेगानं येणारा, झटका जवळजवळ संपवतात. दुप्पट वेगानं येणारा बारीक झटका उरतो, तो एका शाफ्टनं जात नाही, त्याला दुप्पट वेगानं फिरणारे दोन शाफ्ट लागतात. लॅंचेस्टर या इंग्रज इंजिनिअरची ती कल्पना, चारचाकीत वापरतात.
आता बॅलन्सर काढला तर काय उरलं? क्रँकचा निम्मा हिशोब, जो एकट्यानं चालवायला कोणी बनवलेलाच नव्हता, आणि फ्रेम, जिला तो झटका झेलायची कधी गरजच पडली नव्हती. त्यातून जुनी बुलेट तयार होत नाही. तयार होते ती थरथरणारी नवी गाडी: फूटरेस्टवर पाय सुन्न, आरसा धूसर, सायलेंसरचा ब्रॅकेट तडकलेला.
आणि धडधड बॅलन्सरनं मारलेली नाही. तो आवाज एक्झॉस्टमधून येतो, दर दोन फेऱ्यांना एक स्फोट. ९०० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला साडेसात ठोके. बॅलन्सर काढून त्यात एका ठोक्याचाही फरक पडत नाही.

डर्टट्रॅक (अमरावती):
बॅलन्सरबाबत मात्र दादांशी सहमत. रेससाठी काही सिंगलमध्ये काढतात हे खरं, थोडं वजन अन् थोडं घर्षण वाचतं. पण तिथं इंजिन तासांच्या हिशोबानं उघडतात, क्रँक नव्यानं बॅलन्स करतात, ऑइलची उरलेली वाट बंद करतात. काही इंजिनात तर बॅलन्सरच्याच शाफ्टवर पाण्याचा किंवा ऑइलचा पंप असतो, काढला की इंजिन गेलं. रोजच्या गाडीत मी स्वतः कधी काढणार नाही.
एक सांगून ठेवतो, कोणाच्याही बॅलन्सरवाल्या गाडीचं फुल इंजिन काम झाल्यावर व्हायब्रेशन वाढलं तर आधी बॅलन्सरच्या गिअरवरच्या पंच खुणा जुळवल्यात का ते पाहा. एक दात चुकला तरी गाडी चालते, म्हणून मिस्त्रीच्या ध्यानात येत नाही.

वर्धा_मेकॅनिकल:
हो, आणि एक दात म्हणजे थोडं नाही. समजा गिअरला ४० दात आहेत, तर एक दात म्हणजे ९ अंश. तेवढ्यानं बॅलन्सरच्या जोराचा साधारण १६ टक्के भाग न मारलेला राहतो. हाताला स्पष्ट कळतो.

कारंजेकर:
कायद्याचंही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल चालत नाही, अन् अपघातानंतर इन्शुरन्सवाले इंजिनचा बदल पकडून क्लेम अडवू शकतात. बिघडलेला पार्ट तसाच नवा टाकणं, क्रँक सरळ करणं, तोल परत आणणं हे रिपेरिंग झालं, त्यात अडचण नाही. बॅलन्सर काढणं म्हणजे सरळ रचना बदलणं. तसंही ती पावर पळवणार कुठं, समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे.

पांदणवाला (दारव्हा):
भावाले धागा वाचून दाखवला, तो बॅलन्सर काढत नाही म्हणते, सायलेंसरचं पाहू म्हणते ते त्याचं तो पाहीन. आमचे आकडे घ्या. सोनार पयले हासला मंग त्यालेच मजा वाटाले लागली.
जुना पिस्टन सेट ३९४ ग्रॅम. नवा ओव्हरसाइज सेट ४३२ ग्रॅम. स्मॉल एंड १५८. पट्टीवर पिशवी १६८ ग्रॅमले क्रँक कुठंबी थांबला. रॉड तोच ठेवला हाय, बुश नवा.

वर्धा_मेकॅनिकल:
सुंदर काम केलं! हिशोब पाहा. १६८ अधिक १५८ म्हणजे ३२६. जुना सेट अधिक स्मॉल एंड ५५२. म्हणजे फॅक्टर ५९ टक्के. नव्या पिस्टननं खालचा आकडा ५९० होतो, ३२६ भागिले ५९०, फॅक्टर ५५ वर आला. कोणी काही न करता चार टक्के घसरला, नुसत्या पिस्टननं. "बोअर केल्यापासून गाडी झणझणते" असं लोक म्हणतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं हेच असेल.
परत ५९ वर आणायला ३४८ पाहिजेत, २२ ग्रॅम कमी पडतात. पहिला उपाय, दुकानदाराकडं दुसऱ्या कंपनीचा हलका सेट तोलून पाहा, जुन्याच्या जवळचा मिळाला तर ड्रिलची गरजच नाही. नाहीच मिळाला तर पिनच्या बाजूचं वजन कमी करायचं. पिन सेंटरपासून ४५ मिमीवर आहे. भोक ७५ मिमीवर पाडलं तर २२ ऐवजी साधारण साडेतेरा ग्रॅम काढावे लागतात, दोन व्हीलमध्ये वाटून प्रत्येकी पावणेसात. बीड घन सेंटिमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम, म्हणजे १२ च्या ड्रिलनं प्रत्येक व्हीलला ८ मिमीच्या आसपास खोल एक भोक. भोक कुठं पाडायचं ते खरादी काकाच सांगतील.

खरादी (अकोला):
पिनच्या भोकासमोर नाही पाडाचं. एका ऐवजी दोन लहान भोकं पाड, पिनच्या डाव्या-उजव्या बाजूले सारख्या अंतरावर, कडेपासून आत, दोन्ही व्हीलले एकसारखे. आरपार नाही. हिशोबाहून थोडं कमीच काढ, परत पट्टीवर ठेवून पाहा, कारण काढलेलं बीड परत लावता येत नाही. नव्या पिस्टनच्या हिशोबानं पिशवी आता १९० ग्रॅमची पाह्यजे.
ते झालं का सेंटरवर धरून डायल गेज लाव. दोन्ही मेनशाफ्टले ०.०५ मिमीच्या आत आलं पाह्यजे, मी ०.०३ वर आणल्याशिवाय सोडत नाही. वाकडा असन तर तांब्याच्या हातोड्यानं, लोखंडी हातोडा क्रँकले लावू देऊ नको कोणाले. पिनचे नट परत आवळले का गेज परत लावाचा, आवळताना क्रँक हमखास हलते.

पांदणवाला (दारव्हा):
दुसऱ्या कंपनीचा सेट तोलला, ४०१ ग्रॅम भरला! किमतीत थोडाच फरक हाय. म्हणजे ड्रिल नाही लागत ना आता?

वर्धा_मेकॅनिकल:
३२६ भागिले ५५९, ५८ टक्क्यांच्या वर. ड्रिल अजिबात नको. हाच सेट घ्या, फक्त बोअर करायला देताना पिस्टन सोबत द्या आणि त्याच पिस्टनच्या मापानं क्लिअरन्स ठेवायला सांगा, अंदाजानं नाही.

कास्टआयर्न (वणी):
अन् कॉर्क सील दोन आण, एक डब्यात ठेव. बसवाच्या आधी ऑइलमधी भिजवून ठेव.